राब: डोंगराचा पाला, खाचरातली राख

आजचा विषय राब. कोकणात, मावळात उन्हाळ्यात भाताचा तरवा टाकायच्या तुकड्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि वर थोडी माती असे थर रचून जाळतात, तोच. मी पडलो इंजिनिअर, मला आधी हा नुसता धूर वाटायचा. पण त्या आचेने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश-स्फुरद मिळतं, मातीतला थोडा नत्रही रोपाला घेता येईल असा मोकळा होतो. म्हणजे डोंगराचा कस खाचरात उतरतो.

1878 च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाबा भागात फांद्या तोडण्यावर बंधनं आली. असंतोष एवढा वाढला की 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. खातं म्हणायचं, राबाने जंगल उजाड होतं; शेतकरी म्हणायचा, राब नाही तर रोप नाही. मला दोघंही खरे वाटतात. पाला ओरबाडलेल्या उतारावर पावसाचा मार थेट मातीला बसतो. पण मुंबईचं सरपण आणि इमारती लाकूडही याच डोंगरांतून जायचं, त्याचं काय?

1893 च्या अहवालात रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी वेगळीच बाजू धरली: सरपण आणि चाऱ्यासाठी वनं राखा, म्हणजे शेण चुलीत न जाता शेतात जाईल.