चावी : लॅटिनपासून घोडेगावपर्यंत

कुलूप उघडण्याच्या साधनाला मराठीत किल्ली आणि चावी असे दोन शब्द रूढ आहेत. कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’मधील वर्णांची अदलाबदल, म्हणजे वर्णविपर्यय, होऊन बनला, किल्लीचा संबंध खुंटी या अर्थाच्या संस्कृत ‘कील’शी जोडला जातो, चावी मात्र पोर्तुगिजांबरोबर आली असून तिचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’मध्ये आहे.

बोली लॅटिनपासून निपजलेल्या भाषांना रोमान्स भाषा म्हणतात. त्यांत शब्दारंभीच्या ‘क्ल’ची वाट प्रत्येक भाषेत निराळी झाली : फ्रेंचने तो ‘क्ले’मध्ये तसाच राखला, इटालियनमध्ये ‘कियावे’ झाले, स्पॅनिशमध्ये ‘यावे’ झाले आणि पोर्तुगीजमध्ये ‘क्ल’बरोबर ‘प्ल’ आणि ‘फ्ल’ हेही एकाच ध्वनीत मिसळले, त्यामुळे चावी, पाऊस (लॅटिन ‘प्लुविया’) आणि ज्वाळा (लॅटिन ‘फ्लाम्मा’) यांचे पोर्तुगीज शब्द एकाच व्यंजनाने सुरू होतात.

अर्थविस्तारही मोठा आहे. ‘छोटी चावी’ या अर्थाच्या ‘क्लाविकुला’वरून गळपट्टीच्या हाडाचे शास्त्रीय नाव पडले, तर पोपच्या निवडीसाठी कार्डिनलांना जिथे कोंडून ठेवत त्या चावीबंद खोलीवरून ‘कॉन्क्लेव्ह’ हा शब्द रूढ झाला. स्पॅनिशमध्ये पाण्याचा नळ आणि नटबोल्टचा पाना यांनाही ‘यावे’च म्हणतात, इकडे मुंबईत पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह उघडणारा कर्मचारी चावीवाला ठरला, घड्याळाला चावी देणे रूढ झाले आणि एखाद्याला फूस लावणे म्हणजे ‘चावी मारणे’ झाले.

कुलपाशी असलेले नाते सैल झाले तरी शब्द कसा टिकतो, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सापडते. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे रस्ता फुटतो. त्या गावात घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा आहे आणि 2011 मध्ये तेथे उघडलेली युको बँकेची शाखाही बिनकुलपाची म्हणून गाजली. तरीही घोडेगावच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या ट्रकला काय किंवा शिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या मोटारींना काय, चावी लागतेच.

हा शब्द मराठीत साधारण कधी आला असावा, याचा अंदाज उच्चारावरून बांधता येतो. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे आली, त्या काळी त्यांच्या या शब्दाचा आरंभ ‘च’सारख्या ध्वनीने होत असे, पुढे प्रमाण पोर्तुगीजमध्ये त्या जागी ‘श’ आला. मराठीने शब्द घेतला तो बदल रुळण्याआधी, म्हणूनच लिस्बनमध्ये आज ऐकू न येणारा तो जुना ‘च’ मराठी चावीत शाबूत आहे.