एकच आजी, दोन नावं

आज आपल्या घरच्याच इतिहासाबद्दल बोलू.

अकोटच्या आमच्या गटाने घरोघरच्या वंशावळी कॉम्प्युटरवर लिहायला घेतल्या. ग्रॅम्प्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. जुने फेरफार, कोतवाल बुकाच्या नकला, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, जे सापडलं ते जमवलं. एका घराची वंशावळ भरली, तर आजोबांना दोन बायका दिसू लागल्या. एक द्वारका, एक लक्ष्मी. घरात विचारलं तर आत्याबाई हसल्या, “अवं, ती एकच माय! द्वारका माहेरची, लक्ष्मी सासरची.”

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची आपली रीत. त्या एका रेघेने बाईचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि सातबाऱ्यावर दुसरी. आणखी मागे गेलं, तर नावच सापडत नाही. जुन्या जन्मनोंदींत बरेचदा बापाचं नाव असतं आणि पुढे फक्त ‘मुलगी’. पूर्वीच्या वंशावळींत तर लेकींची फांदीच काढत नसत.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला बापाची वारस धरलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी त्यातून सुटल्या. २००५च्या केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. पण हक्क मागायला गेलं की पहिला सवाल येतो, ही लेक तीच कशावरून? आमच्यातल्या एका ताईची आई वारली होती. मामांच्या शेतात आईचा हिस्सा मागायचा, तर आईचे कागद दोन नावांचे. शेवटी ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका सापडली. तिच्यावर माहेरचं नाव होतं, वडिलांचं नाव होतं आणि नवरदेवाचंही होतं. दोन नावांमधला पूल तोच झाला.

उलटी चूकही होते. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मग ‘गणपत महादेव’ एका पिढीआड पुन्हा येतो. नाव एक, माणसं दोन. त्यांना एक केलं, तर मधली अख्खी पिढी पुसली जाते. सालांचंही तसंच. ‘छप्पनच्या दुष्काळातला जन्म’ असं कोणी सांगितलं, तर १९५६ लिहू नका. ते संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००.

म्हणून आम्ही काही नियम ठरवले.

बाईची मुख्य नोंद माहेरच्या नावाने करायची. सासरचं नाव त्याच नोंदीत दुसरं नाव म्हणून लिहायचं.

नुसतं नाव जुळलं म्हणून दोन नोंदी एक करायच्या नाहीत. वडील, नवरा, माहेरचं गाव, जन्माचं साल आणि लेकरं पाहायची. यांतलं काही जुळत नसेल, तर नोंदी वेगळ्याच ठेवायच्या आणि शंका बाजूला लिहायची.

एक करण्याआधी फाइलची तारीख घालून प्रत काढायची. चूक झाली तर मागे येता येतं.

प्रत्येक कागदाचा फोटो काढून त्याला साल, गाव आणि कागदाचा प्रकार असं नाव द्यायचं, जसं ‘१९६२-अकोट-लग्नपत्रिका’. ‘फोटो १’, ‘फोटो २’ ठेवलं, तर महिन्याने आपल्यालाच काही सापडत नाही.

आणि आधी म्हाताऱ्या बायांना विचारायचं. कागद थांबतील, त्या थांबणार नाहीत.

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव लिहायचं, असं राज्य सरकारने ठरवलं आहे. त्या लेकरांची आई कागदावर राहील. आपल्या आज्यांची नोंद मात्र आपल्यालाच करावी लागेल. आज घरी गेल्यावर सासूबाईंना, आईला एवढंच विचारा, “तुमचं माहेरचं नाव काय होतं?” आणि लगेच लिहून ठेवा.