समस्यांचा कोश : नाव, प्रतिपक्ष आणि कर्ता

मानवाने मिळविलेल्या ज्ञानाची व्यवस्था लावणे हे कोशाचे परंपरेने ठरलेले कार्य होय. ब्रुसेल्स येथील ‘युनियन ऑफ इंटरनॅशनल असोसिएशन्स’ या संस्थेत १९७२ साली ज्या संदर्भग्रंथाचे काम सुरू झाले, त्याचा विषय मात्र वेगळा होता. जगात काय बिघडले आहे, ते बिघडले आहे असे कोणाला वाटते आणि त्यावर कोणते उपाय सुचविले गेले आहेत, यांची नोंद हा ग्रंथ करू पाहत होता. १९७६ मध्ये तो वार्षिकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. १९८६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ वर्ल्ड प्रॉब्लेम्स अँड ह्यूमन पोटेन्शियल’ हे नाव त्याने धारण केले. ग्रंथालयशास्त्र आणि भविष्यवेध या क्षेत्रांच्या अंगाने त्याचा विचार होणे स्वाभाविकच आहे. परंतु समस्येला नाव कसे द्यावे, एकाच नोंदीत परस्परविरोधी विधाने कशी नांदवावीत, उपाय सांगणाऱ्या क्रियापदाला कर्ता असावा की नसावा, हे जे निर्णय त्याच्या संपादकांना घ्यावे लागले ते मूलतः भाषिक होते. ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उगम त्या निर्णयांतच आहे.

या संस्थेची कुळकथा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पॉल ऑतले (१८६८–१९४४) आणि आंरी ला फोंतेन (१८५४–१९४३) या दोन बेल्जियन कायदेपंडितांनी १८९५ मध्ये ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली आणि जगातील यच्चयावत मुद्रित साहित्याची सूची छोट्या पत्रांवर उतरविण्यास आरंभ केला. १९३० च्या दशकापर्यंत ही पत्रे दीड कोटीच्या घरात गेली होती. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचा विस्तार करून त्यांनी जी वैश्विक दशांश पद्धती सिद्ध केली, ती ग्रंथालयांतून आजही वापरात आहे. १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांचे मध्यवर्ती कार्यालय आणि १९१० च्या जागतिक परिषदेतून ‘युनियन’ अशी पुढील वाटचाल झाली. ला फोंतेन यांना १९१३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी जर्मन फौजा ब्रुसेल्समध्ये शिरल्या. ज्ञान एकत्र आले की राष्ट्रे एकत्र येतील, हा ऑतलेचा विश्वास त्यानंतरही ढळला नाही. १९३४ मध्ये सरकारने त्याच्या विश्वप्रासादाचे दरवाजे बंद केले आणि १९४० च्या जर्मन ताब्यात त्याचे संग्रह हलवून तेथे जर्मन कलेचे प्रदर्शन मांडण्यात आले. ही श्रद्धा भाबडी होती असे म्हणणे सोपे आहे. पण दीड कोटी पत्रे केवळ भाबडेपणातून लिहून होत नाहीत.

अर्धशतकानंतर त्याच संस्थेत जो कोश आकारास आला, त्याने ऑतलेचा सर्वसंग्राहक हव्यास घेतला आणि त्याची श्रद्धा मात्र बाजूला ठेवली. अँथनी जज हे या कोशाचे प्रमुख शिल्पकार. ‘मॅनकाइंड २०००’ या संस्थेचे जेम्स वेल्स्ली-वेस्ली यांचे सहकार्य व त्या संस्थेचे अर्थसाहाय्य आरंभीच्या आवृत्तीस लाभले. हा काळ लक्षणीय आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्लब ऑफ रोम’साठी हसन ओझबेखान यांनी १९७० मध्ये मानवजातीच्या पेचप्रसंगाविषयी एक प्रस्ताव तयार केला होता. त्यात एकोणपन्नास चिवट समस्यांची यादी असून त्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एकटी सुटी करून सोडविता येत नाही, असे प्रतिपादन होते. क्लबने तो मार्ग सोडला आणि जे फॉरेस्टर यांच्या संगणकीय प्रतिमानाचा स्वीकार केला. १९७२ च्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’मध्ये जगाचे भवितव्य लोकसंख्या, औद्योगिक उत्पादन, अन्न, नैसर्गिक संपत्ती व प्रदूषण या पाच राशींत मावले. ब्रुसेल्सच्या कोशाने नेमकी उलट दिशा धरली. त्याच्या पहिल्याच आवृत्तीत अडीच हजारांच्या आसपास समस्या होत्या. १९९४–९५ च्या तीन खंडांच्या चौथ्या आवृत्तीत ही संख्या बारा हजारांपलीकडे गेली. पाच राशींतून एक आलेख निघतो आणि आलेखातून इशारा देता येतो. बारा हजार नोंदींतून कोणताही इशारा निघत नाही. संपादकांनी हा तोटा जाणूनबुजून पत्करलेला दिसतो.

आता नामकरणाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कागदपत्रांत ‘गृहनिर्माण’, ‘शिक्षण’, ‘शांतता’ अशी विषयांची नावे समस्यांची नावे म्हणून सर्रास वापरली जातात. कोशाने हे नाकारले. घर ही समस्या नव्हे, अपुरे घर ही समस्या; म्हणून नोंदीच्या शीर्षकातच उणिवेचा, ऱ्हासाचा किंवा अतिरेकाचा वाचक शब्द असला पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. मराठीत ‘पाण्याचा प्रश्न’, ‘सीमाप्रश्न’, ‘भाकरीचा प्रश्न’ अशी षष्ठीची रचना रूढ आहे. ती काय बिघडले ते सांगत नाही, केवळ बोट दाखविते. कोशाच्या शिस्तीत ‘पाण्याचा प्रश्न’ला जागा नाही, तेथे तो ‘पाणीटंचाई’, ‘दूषित पाणी’, ‘पाण्याचे विषम वाटप’ अशा तीन वेगळ्या नोंदींत विभागला जाईल, आणि या तिन्ही नोंदी तीन वेगळ्या आरोपींकडे निर्देश करतील. ‘समस्या’ या शब्दाचा पूर्वेतिहास तर याहून बोधक आहे. संस्कृत काव्यव्यवहारात समस्या म्हणजे कवीपुढे टाकलेला श्लोकाचा अपुरा अंश. तो नष्ट करावयाचा नसतो, पुरा करावयाचा असतो, आणि त्याच्या पूर्ती अनेक असू शकतात. हा अर्थ लोपून ‘प्रॉब्लेम’चा प्रतिशब्द एवढीच ‘समस्ये’ची ओळख उरली, तेव्हा मराठी भाषेने एक विचारपद्धतीच गमावली असे म्हणावे लागेल.

नाव देणे आणि नाव काढून घेणे यांत किती राजकारण सामावलेले असते याचे उदाहरण ब्रुसेल्समध्ये शोधण्याची गरज नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ मध्ये एक अधिनियम करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वगळला व त्याच्या जागी ‘टंचाई’वाचक शब्द घातला. शासन शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवून असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदतकार्य हाती घेते, तेव्हा दुष्काळ पडण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर दहा वर्षे उलटण्यापूर्वीच १९७० ते १९७३ या काळातील अवर्षण आले. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत व माती उपशीत होती. कायद्याच्या भाषेत ही टंचाई होती. लोकांच्या तोंडी ती आजतागायत ‘बहात्तरचा दुष्काळ’ आहे. दोन्ही नावे एकाच वस्तुस्थितीची आहेत असे मानणे भाषाविचाराच्या दृष्टीने धाडसाचे ठरेल. टंचाईला आकडा पुरतो, दुष्काळाला जबाबदार कोण हे विचारावे लागते.

अशा वेळी कोशकाराने कोणते नाव घ्यावे? कोशाचे उत्तर त्याच्या नोंदीच्या रचनेत आहे आणि तीच त्याची सर्वांत मौलिक निर्मिती होय. नोंदीत समस्येचे स्वरूप व आढळ सांगून झाल्यावर ‘दावा’ आणि ‘प्रतिदावा’ अशी दोन पदे येतात. ही समस्या किती गंभीर आहे हे तिचा पुरस्कर्ता ज्या आवेशाने सांगतो, त्याच आवेशाने पहिल्या पदात ते सांगितलेले असते. ती समस्याच नव्हे, किंवा तिचा बाऊ केला जात आहे, असे म्हणणाऱ्याला दुसरे पद दिलेले असते. मराठी वाचकाला येथे पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आठवण होणे अपरिहार्य आहे. साम्य वरवरचे मात्र नव्हे, आणि फरकही. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष या क्रमाने निर्णयापर्यंत जावयाचे असते; पूर्वपक्ष मनापासून मांडला जातो तो सिद्धान्ताला बळकटी यावी म्हणून. कोशात निर्णयाचे पद रिकामे आहे. संपादक आपला अधिकार दोन्ही पक्षांच्या हाती सोपवून बाजूला होतो.

या माघारीचे मोल श्री. व्यं. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कळते. केतकरांनी तेवीस खंडांपैकी पहिले पाच प्रस्तावनेला दिले आणि त्यांतील पहिल्याचे नाव ‘हिंदुस्थान आणि जग’ असे ठेवले. जग कोठून पाहिले जात आहे हे त्या नावातच घोषित झाले. केतकरांची अनेक मते आज टिकणारी नाहीत. पण ती कोणाची आहेत याविषयी वाचकाची फसवणूक होत नाही. ब्रुसेल्सच्या कोशात दृष्टीचे स्थान अदृश्य आहे. दावा कोणाचा, प्रतिदावा कोणाचा, हे पुष्कळदा कळत नाही. परिणामतः भुकेविषयीचा दावा आणि भुकेच्या अतिशयोक्त वर्णनाविषयीचा प्रतिदावा एकाच टंकात, जवळजवळ एकाच वजनाने छापले जातात. आणखी एक गोष्ट. नोंदी आल्या त्या मुख्यतः आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कागदपत्रांतून. ज्या दुःखाने असा कागद कधी निर्माण केला नाही, ते या कोशात शिरू शकत नाही. कोश सर्वसमावेशक आहे, परंतु त्याची वेस कार्यालयाची वेस आहे.

नोंदी परस्परांना जोडण्याची कोशाची पद्धत साहित्याच्या अभ्यासकाला विशेष आकर्षक वाटावी अशी आहे. अमुक समस्या तमुक समस्येला चिघळविते, अमुक तिला सौम्य करते, अशा दुव्यांचा माग काढीत गेल्यावर संपादकांना बंद वर्तुळे सापडू लागली. त्यांनी दिलेले एक उदाहरण असे : परात्मतेतून तरुणांच्या टोळ्या, टोळ्यांतून वस्तीवर गुन्हेगारांचा ताबा, त्यातून शहरी जीवनाचा मानसिक ताण, ताणातून व्यसन, व्यसनातून कुटुंबाची मोडतोड आणि तिच्यातून पुन्हा परात्मता. मुंबईच्या झोपडपट्टीचे चित्रण करणाऱ्या जयवंत दळवींच्या कादंबरीचे ‘चक्र’ (१९६३) हे नाव येथे आठवते. कोशाचे वर्तुळ कादंबरीपेक्षा व्यापक आहे, कारण ते कोणत्याही शहराला लागू पडते; आणि त्यात माणूस नाही, हेही त्याच कारणाने. कादंबरीत चक्र फिरते ते एखाद्या बाईच्या घराभोवती, आणि ते कोठे तुटू शकले असते हे वाचकाला दिसते. वर्तुळात सहाही दुवे सारखेच मजबूत असतात.

दुसऱ्या खंडातील मूल्ये, मानवी विकासाच्या संकल्पना व जाणिवेच्या अवस्था यांचा विभाग विविध धर्मपरंपरांतून वेचलेला आहे. त्याचा विस्तार मोठा, चिकित्सा मात्र बेताची. तिसरा खंड उपायांचा. उपायांची शीर्षके बहुधा क्रियावाचक नामे आहेत : कमी करणे, पुरविणे, निर्मूलन करणे. यांना कर्म आहे, कर्ता नाही. महाराष्ट्रातील दुष्काळी कामांच्या अनुभवातून १९७७ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्यातील वाक्याला कर्ता होता. काम मागणारा कोण, ते देण्यास बांधलेला कोण आणि पंधरा दिवसांत न दिल्यास भत्ता कोणी द्यावयाचा, हे त्यात लिहिलेले होते. ‘युनियन’च्या कोशातही कर्त्याची सोय अजिबात नाही असे नव्हे. समस्यांच्या नोंदींतून संस्थांकडे नेणारे निर्देश आहेत. ते निर्देश ‘युनियन’ दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसिद्ध करीत आलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या वार्षिकाकडे नेतात. त्या वार्षिकात संस्थेचे नाव, पत्ता, स्थापनेचे वर्ष, उद्दिष्टे आणि सभासद देश एवढे मिळते.