पिवळ्या जर्सीचे वारसदार

अट एवढीच होती की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत: हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा. 1953 साली रिओ दि जानेरोच्या ‘कोर्रेयो दा मान्या’ या दैनिकाने देशाच्या फुटबॉल संघासाठी नवा पोशाख सुचवण्याची स्पर्धा जाहीर केली. अट वाचायला सोपी होती, पण कागदावर पेन्सिल टेकवल्यावर तिने भल्याभल्यांना घाम फोडला असणार. ब्राझीलच्या झेंड्यात चार रंगांना ऐसपैस जागा आहे. हिरव्या आयतात पिवळी शंकरपाळी, तिच्या पोटात निळा गोल, गोलावर पांढरी पट्टी. हेच चार रंग धावत्या माणसाच्या अंगावर चढवायचे म्हटलं की त्यातला एक तरी उपरा दिसतो.

स्पर्धा जिंकली आल्दिर गार्सिया श्ले या 19 वर्षांच्या मुलाने. देशाच्या पार दक्षिण टोकाला राहायचा, वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढायचा. त्याने शंभरावर कच्ची चित्रं काढली, तिरपे पट्टे आणि उभे पट्टे घालून पाहिले आणि शेवटी एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली. हिरवा-पिवळा ही एक जोडी आहे आणि निळा-पांढरा ही दुसरी. चौघांना एका कापडात कोंबण्यापेक्षा दोन्ही जोड्यांना वेगळी बिऱ्हाडं द्यावीत. पिवळी जर्सी, तिच्या कॉलरला आणि बाह्यांना हिरवे काठ. खाली निळी चड्डी, तिला पांढरी पट्टी. मोजे पांढरे. शिंप्याच्या डोक्याने सोडवलेलं हे कोडं आहे, त्यात देशभक्तीचा उमाळा वगैरे फार नाही. जगातला सगळ्यात ओळखीचा क्रीडापोशाख असा तडजोडीतून निघाला.

हे कोडं घालायची पाळी आली ती 16 जुलै 1950 या दिवसामुळे. त्या दिवशी मराकाना स्टेडियमवर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला. ब्राझीलला बरोबरी पुरणार होती. तिकीट काढून आत आलेलेच पावणेदोन लाखांच्या घरात होते. ब्राझीलने पहिला गोल केला, मग स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि 79व्या मिनिटाला गिग्गियाने उजवीकडून मारलेला चेंडू गोलरक्षक बार्बोसा आणि खांब यांच्यामधून आत गेला. 2-1. ब्राझीलच्या अंगात तेव्हा पांढरी जर्सी होती, निळ्या कॉलरची. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच होतं. ते बार्बोसाच्या डोक्यावर फुटलं, त्याच्याबरोबर बचाव फळीतल्या आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंवर फुटलं आणि थोडंसं जर्सीवरही. या पांढऱ्यात देशाचं काही दिसत नाही, तिला नैतिक बळच नाही, असं ‘कोर्रेयो दा मान्या’चं म्हणणं पडलं. जर्सी तीन वर्षांत बदलली. बार्बोसाला 2000 साली मरेपर्यंत त्या एका गोलाची आठवण करून दिली जात राहिली, आणि विश्वचषकात पुन्हा पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक म्हणून डिडा उभा राहिला तो 2006 साली.

पांढऱ्या जर्सीवर अन्याय झाला, असं माझं मत आहे. 1919, 1922 आणि 1949 ची दक्षिण अमेरिकी अजिंक्यपदं ब्राझीलने पांढऱ्यातच मिळवली होती. मराकानाच्या दुसऱ्या दिवशी ती फेकून दिली, अशी दंतकथा सांगतात, तीही खरी नाही. 1952 साली चिलीत झालेली पॅनअमेरिकन स्पर्धा ब्राझील पांढऱ्यातच खेळला आणि जिंकला, वाटेत उरुग्वेला 4-2 असं हरवूनही आला. पण कुळकथेला अपशकुन लागतो आणि अपशकुनाला पुरावा लागत नाही.

आता श्लेकडे परत येऊ, कारण या जर्सीच्या जन्मातली खरी गंमत तिथे आहे. त्याचं गाव जाग्वारांव. गावाला लागून नदी, नदीवर 1930 साली बांधलेला पूल आणि पुलापलीकडे रिओ ब्रांको, म्हणजे उरुग्वे. बाजारहाट, सिनेमा, सोयरीक सगळं पुलावरून चालायचं. 1950 च्या त्या दुपारी श्ले पलीकडच्या थिएटरात सिनेमा बघत बसला होता. मध्येच सिनेमा थांबवून उरुग्वे जगज्जेता झाल्याचं जाहीर करण्यात आलं. सगळं थिएटर उभं राहून राष्ट्रगीत म्हणू लागलं. पुढे तो लेखक झाला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत कथा लिहिल्या, कायदा शिकवला, लष्करी राजवटीत अटकही सोसली. आणि फुटबॉलमध्ये तो जन्मभर उरुग्वेच्या बाजूचा राहिला, हे त्याने कधी लपवलं नाही. ज्या जर्सीसमोर आज लोक छातीवर हात ठेवतात, तिचा जन्मदाता समोरच्या संघाचा पाठीराखा होता!

बक्षिसाचा भाग म्हणून त्याला रिओत राहायला मिळालं, राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंबरोबर ऊठबस झाली. त्यांची दारूबाजी आणि छंदीफंदीपणा जवळून बघून त्याचं मन उडालं.

झेंड्यातले रंग तरी मुळात कुठले? हिरवा जंगलांचा आणि पिवळा सोन्याचा, हे ब्राझीलमधल्या शाळेत शिकवलं जातं. प्रत्यक्षात ते राजघराण्यांचे रंग आहेत. हिरवा पहिल्या पेद्रो सम्राटाच्या ब्रागांझा घराण्याचा आणि पिवळा त्याची राणी लिओपोल्दिना हिच्या माहेरचा, म्हणजे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्गांचा. ब्रागांझा हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. याच घराण्यातल्या कॅथरीनच्या लग्नात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं. 1889 साली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, पण राजाराणीचे रंग तसेच राहिले. फक्त त्यांचा अर्थ नव्याने सांगितला गेला. या जर्सीच्या नशिबातही पुढे हेच लिहिलेलं होतं.

पिवळ्या जर्सीने पाऊल ठेवताच भाग्य उजळलं, असंही झालं नाही. 1954 च्या सुरुवातीला चिलीविरुद्धच्या पात्रता सामन्यांत ती आली आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या विश्वचषकात हंगेरीने तिला 4-2 असं घरी पाठवलं. त्या सामन्यात फुटबॉलपेक्षा मारामारीच जास्त झाली. 1958 साली स्वीडनमध्ये ब्राझील अंतिम सामन्यात पोचला तर समोर यजमान, तोही पिवळ्यातला. पिवळा यजमानांकडे राहिला. ब्राझीलने दुसरा संच बरोबर आणलाच नव्हता. पांढरा घालायचं कुणी मनावर घेईना, आठ वर्षांपूर्वीची जखम ताजी होती. मग स्टॉकहोममधल्या दुकानातून निळ्या जर्स्या विकत आणल्या, पिवळ्या जर्स्यांवरची बोधचिन्हं आणि आकडे उसवले आणि ते निळ्यांवर टाचले. खेळाडू धास्तावलेले. तेव्हा संघाचे प्रमुख पाउलो माशादो दे कार्वाल्यो यांनी एक बेमालूम युक्ती केली. निळा हा ब्राझीलची कुलस्वामिनी म्हणावी अशा आपारेसिदा मातेच्या शेल्याचा रंग आहे, असं त्यांनी पोरांना सांगितलं. रातोरात निळा पवित्र झाला. ब्राझील 5-2 ने जिंकला, त्यातले दोन गोल 17 वर्षांच्या पेलेचे. म्हणजे ब्राझीलने पहिला विश्वचषक जिंकला तो बाजारातून आणलेल्या निळ्या जर्सीत. पिवळी जर्सीच आमची परंपरा, असं तावातावाने सांगणाऱ्यांना मला नेहमी हे विचारावंसं वाटतं की अपशकुनी पांढऱ्याची आणि लकी निळ्याची परंपरा मग कुठल्या खात्यात मांडायची?

पिवळ्याचा खरा राज्याभिषेक 1970 चा. मेक्सिकोतला तो विश्वचषक रंगीत टीव्हीवर दाखवला गेलेला पहिला. भर उन्हातलं हिरवं मैदान आणि त्यावर पिवळ्या जर्सीतले पेले, जाइर्झिन्यो, तोस्ताओ, रिव्हेलिनो. अंतिम सामन्यात इटलीला 4-1. जगाच्या डोळ्यांत तो रंग तेव्हा भरला तो भरलाच. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये रंगीत प्रक्षेपण रीतसर सुरू झालं ते 1972 साली, त्यामुळे बहुतेक ब्राझिलियनांनी आपल्या संघाचं ते सोनेरी रूप काळ्या-पांढऱ्यातच पाहिलं.

आणि लगेच पहिला वारसदार हजर झाला. सत्तेवर जनरल मेदिसी होते, लष्करी राजवटीची सगळ्यात क्रूर वर्षं चालू होती. विजयी संघाबरोबर, करंडकाबरोबर जनरलसाहेबांची छायाचित्रं निघाली. ‘देशावर प्रेम करा, नाहीतर चालते व्हा’ अशा अर्थाच्या सरकारी घोषणा त्याच काळातल्या. तुरुंगातल्या कैद्यांनी आणि परागंदा झालेल्यांनी या संघावर प्रेम करावं की राग करावा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज कुणी म्हणत असेल की जर्सीत राजकारण अलीकडेच घुसलं, तर त्याने मेदिसींचा फोटो बघावा.

दुसरा वारसदार बरोबर उलट्या बाजूचा. 1984 साली राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा म्हणून ‘दिरेतास जा’ हे प्रचंड आंदोलन उभं राहिलं. लष्कराविरुद्धच्या या आंदोलनाने रंग निवडला तो पिवळाच. सभांचं सूत्रसंचालन करायचे ओस्मार सांतोस, म्हणजे रेडिओवरचे लाडके फुटबॉल समालोचक. कर्णधार सॉक्रेटिसने भर सभेत सांगून टाकलं की घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी इटलीला खेळायला जाणार नाही. 25 एप्रिलला संसदेत 22 मतं कमी पडली आणि सॉक्रेटिस फिओरेंतिनाकडे गेला.

तिसऱ्याची कथा तर फारच मासलेवाईक आहे. 1992 साली राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर भ्रष्टाचाराच्या आरोपांत गळ्यापर्यंत बुडाले होते. टॅक्सीचालकांपुढे भाषण करताना त्यांनी आवाहन केलं की येत्या रविवारी सगळ्यांनी हिरवे-पिवळे कपडे घालून रस्त्यावर या, म्हणजे देश माझ्या पाठीशी आहे हे दिसेल. रविवार उजाडला, 16 ऑगस्ट, आणि शहरोशहरी माणसं काळे कपडे घालून बाहेर पडली. डिसेंबर संपायच्या आत कोलोरना राजीनामा द्यावा लागला. रंग हुकमाने वापरायला गेलं की तो हातातून कसा निसटतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढचं बहुतेकांनी बातम्यांत पाहिलं आहे. 2015-16 मध्ये राष्ट्राध्यक्ष डिल्मा रूसेफ यांच्याविरुद्धच्या मोर्च्यांत पिवळी जर्सी हा जणू गणवेश झाला. मोर्चे भ्रष्टाचाराविरुद्धचे आणि छातीवर बोधचिन्ह ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाचं, ज्याचे माजी अध्यक्ष जोझे मारिया मारिन यांना मे 2015 मध्ये झुरिचच्या हॉटेलातून लाचखोरीच्या प्रकरणात पकडून नेलं होतं. महासंघाच्या रिओतल्या इमारतीला मारिन यांचंच नाव दिलेलं. अटकेनंतर ती अक्षरं घाईघाईने उतरवली. मोर्चेकऱ्यांना हा विरोधाभास फारसा बोचलेला दिसला नाही. मग 2018 च्या निवडणुकीत उजवे नेते बोल्सोनारो आले आणि जर्सी त्यांच्या समर्थकांची झाली. पिवळी जर्सी घालून बाहेर पडलं की लोक आपल्याला बोल्सोनारोचा माणूस समजतील, म्हणून अनेकांनी ती कपाटात टाकली. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला श्ले गेला. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये ब्राझीलचा सामना होता, आणि समोर संघ होता उरुग्वेचा. 8 जानेवारी 2023 ला ब्राझिलियातल्या संसदेच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या काचा फोडणाऱ्या बोल्सोनारो-समर्थकांच्या जमावात श्लेने रेखाटलेली जर्सी ठायी ठायी दिसत होती. त्याआधी 2022 च्या विश्वचषकाच्या तोंडावर, बोल्सोनारोंना निवडणुकीत हरवलेल्या लुलांनी लोकांना सांगून पाहिलं होतं की हिरवा-पिवळा घालायला लाजू नका, तो कुणा उमेदवाराचा वा पक्षाचा नाही. मी पण घालणार, म्हणाले, माझ्या जर्सीवर 13 आकडा असेल. 13 हा त्यांच्या पक्षाचा निवडणुकीतला क्रमांक. पक्षाचा नाही म्हणायचं आणि पक्षाचा आकडा टाकायचा!

एप्रिल 2025 मध्ये बातमी फुटली की 2026 च्या विश्वचषकासाठी ब्राझीलची दुसरी जर्सी निळ्याऐवजी लाल येणार. लाल हा लुलांच्या कामगार पक्षाचा रंग. एकच गदारोळ उडाला. उजव्यांनी हा कम्युनिस्टांचा कट ठरवला, पण ज्येष्ठ समालोचक गाल्व्हाव बुएनो यांच्यासारख्या माणसालाही हा इतिहासाचा अपमान वाटला. लाल रंगाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही अगदी टाकाऊ नव्हता. ब्राझील हे देशाचं नाव पडलं तेच लाल रंग देणाऱ्या झाडावरून. आपल्याकडच्या पतंगाच्या लाकडाचा तो सख्खा भाऊ. शिवाय 1917 च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत ब्राझील लाल घालून खेळला होता, आणि 1936 च्या अखेरीला ब्यूनस आयर्समध्ये पेरूविरुद्धही, तेव्हा तर इंडिपेंडिएंटे क्लबच्या उसन्या जर्स्यांत. पण असल्या वादात इतिहास ऐकायला कुणाला सवड असते? आपल्याकडेही 2019 साली इंग्लंडविरुद्धच्या एका सामन्यापुरती भारतीय क्रिकेट संघाला नारिंगी जर्सी मिळाली. दोन्ही संघ निळ्यात असल्याने एकाने रंग बदलायचा, एवढाच तांत्रिक मामला होता. तरी मुंबईचे आमदार अबू आझमी यांनी भगवेकरणाचा आरोप केलाच.

ब्राझीलच्या महासंघाने घाईने खुलासा केला की फिरणारी चित्रं अधिकृत नाहीत. मे महिन्यात महासंघाला समीर शाउद हे नवे अध्यक्ष मिळाले. पुढे त्यांनीच सांगितलं की लाल जर्सीचं उत्पादन सुरूसुद्धा झालं होतं, ते मी थांबवलं. कारण राजकीय नाही, आपल्या झेंड्यात लाल नाही एवढंच. महासंघाच्या घटनेत नियम तसाच आहे: पोशाख झेंड्याच्या रंगांचा, विशेष प्रसंगी मात्र वेगळा चालेल. त्याच पळवाटेने जून 2023 मध्ये बार्सिलोनात गिनीविरुद्ध ब्राझील सामन्याचा पूर्वार्ध चक्क काळ्या जर्सीत खेळला होता, संघातल्या व्हिनिसियसला स्पेनमध्ये सोसाव्या लागलेल्या वर्णद्वेषाच्या निषेधार्थ. झेंड्यात काळाही नाही. त्या वेळी झेंडा आडवा आला नव्हता.