पात्र कुणी ठरवायचं?

लखनौच्या दास्तानगोसमोर बसलेल्या माणसाला अमीर हमजा कोण, हे समजावून सांगावं लागत नसे. अमर अय्यार कोण, हेही नाही. त्याची जंबील, म्हणजे ज्यात अख्खं जग मावतं ती झोळी, त्याचा लोभीपणा, क्षणात वेष बदलण्याची हातोटी, हे सगळं ऐकणाऱ्याला लहानपणापासून ठाऊक असे. दास्तानगो मांडी घालून बसला, की पहिल्या वाक्यापासून गोष्ट पळू लागे. पात्रं पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. आज रात्री ती कुठल्या संकटात पडणार, एवढंच नवं असायचं.

हे आठवण्याचं कारण आजचा एक खेळ आहे. त्याला 'रोल-प्लेइंग' म्हणतात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण निवेदक होतो, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं, हे जो तो तोंडानं सांगतो. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. मंच नाही, प्रेक्षक नाही. सगळे मिळून एक गोष्ट रचतात आणि तिचा शेवट कुणालाच माहीत नसतो. पण खेळ सुरू होण्याआधीच एक प्रश्न येतो : पात्र आपण स्वतः घडवायचं की कुणीतरी तयार करून ठेवलेलं घ्यायचं? प्रश्न खेळातला असला तरी त्याचा इतिहास आपल्या, म्हणजे मराठी मुसलमानांच्या, बऱ्याच कामाचा आहे.

दास्तान आणि तमाशा

आधी दास्तानच घेऊ. हजरत हमजा हे पैगंबरांचे चुलते. सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. दास्तानीतल्या अमीर हमजाचा या इतिहासाशी नावापुरता संबंध. तो देव-पऱ्यांच्या मुलखात फिरतो, जादूगारांशी लढतो. ऐकणाऱ्यांनी त्याला कधी सीरत समजून ऐकलं नाही. नाव ओळखीचं आणि गोष्ट मोकळी, असा तो मामला होता.

लखनौत १९व्या शतकात या जुन्या पात्रांना नवा शत्रू मिळाला. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही मायानगरी आणि तिचा बादशहा अफ्रासियाब ही तिथल्या दास्तानगोंची भर. नवल किशोर छापखान्यानं ती छापायला घेतली तेव्हा पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. हमजाची अख्खी दास्तान ४६ खंडांत गेली. नायक तयार मिळाल्यामुळे कल्पनाशक्ती वाया गेली नाही. ती जागा, जादू आणि शत्रू घडवण्याकडे वळली. तयार पात्राचा पहिला फायदा हाच : ओळख करून देण्यात वेळ जात नाही.

आपल्याकडे तमाशात हेच घडलं. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी ठरलेले. मावशी आली की ती काय करणार हे प्रेक्षकाला माहीत, तरी तो हसायला तयार. वगाचा सांगाडा ठरलेला असे, पण संवाद बरेचसे उभ्या उभ्या रचले जात. सोंगाड्या त्या गावातला कालचा तंटाही राजाच्या दरबारात आणून बसवी. सगनभाऊंसारख्या मुस्लिम शाहिरांनी ही परंपरा घडवायला हातभार लावला आहे, ती काही आपल्याला परकी नाही. सोंग ठरलेलं आणि बोलणं स्वतःचं, हा तमाशाचा तोडगा होता.

ब्राउनस्टाइन ते ड्रॅगन

आता अमेरिकेत जाऊ. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरात काही तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळत. खेळाडू सेनापती आणि त्याच्या हाताखाली छोट्या शिपायांच्या फौजा, असा तो खेळ. १९६९ साली डेव्हिड वेस्ली यानं वेगळंच केलं. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि प्रत्येकाला फौजेऐवजी एकेक माणूस दिला : कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा हेतूही ठरवून दिला होता. म्हणजे पात्रं पूर्ण तयार. पण खेळाडू लढाईचं विसरून आपापसांत कारस्थानं करू लागले, कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांड म्हणून तगादा लावला.

पुढच्या एका डावात गाव बदललं, लॅटिन अमेरिकेतला एक अस्थिर देश आला. डेव्ह आर्नेसन या तरुणाच्या वाट्याला पत्रकं वाटणाऱ्या विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका आली. त्यानं बाकीच्यांना असं पटवलं की आपण खरे अमेरिकी गुप्तहेर खात्याचे. दिलेली भूमिका नाकारली नाही, पण तिच्या आत राहून तिचा अर्थ फिरवला. मला वाटतं, या खेळाचा जन्म खऱ्या अर्थानं तिथं झाला.

याच आर्नेसननं गॅरी गायगॅक्स याच्याबरोबर १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पुस्तिका आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. इथं पात्र तयार मिळत नव्हतं. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे, ३ ते १८ मधला जो आकडा येईल तो आपला. मूळ नियमांत तर हे फासे निवेदकानं टाकायचे होते. योद्धा व्हायचं मनात असलं आणि ताकदीला ५ आले, तर ५ घेऊनच चालायचं.

आपल्या घरांत दोन शब्द जोडीनं येतात : तकदीर आणि तदबीर. फाशांनी दिलं ती तकदीर, त्याचं पुढं काय केलं ती तदबीर. 'स्वतःचं' म्हणतो ते पात्रही सगळं स्वतःचं नसतं. नाव आपण ठेवतो, वाटा आपण निवडतो, पण हाडं दुसऱ्यानं दिलेली असतात.

दहा वर्षांनी लंबक उलट्या दिशेला गेला. १९८४ साली ट्रेसी हिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांची 'ड्रॅगनलान्स' ही साहसमालिका बाजारात आली. तिच्यात टॅनिस, रेस्टलिन, स्टर्म अशी पात्रं स्वभाव आणि भूतकाळासकट तयार होती. त्याच वर्षी मार्गारेट वाइस आणि हिकमन यांची कादंबरीही आली, तिच्यात हीच मंडळी. आता अडचण अशी, की खेळात पात्र मेलं तर पुढच्या भागाची गोष्ट कशी चालणार? म्हणून नियमच केला. महत्त्वाचं पात्र मेलं तर त्याचं प्रेत सापडू नये असं मरू द्या, म्हणजे पुढं त्याला परत आणता येईल. गोष्ट सलग झाली, पुस्तकंही भरपूर खपली. पण खेळणारा त्या पात्रात भाडेकरू झाला. घर छान, मात्र भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही.

तरी तयार पात्राला कमी लेखू नये. चार अनोळखी माणसं एका दुपारी तीन-चार तासांसाठी एकत्र येतात, तेव्हा तयार कागद हातात मिळणं ही सोयच. नवख्याला नियमांच्या जंगलात शिरावं लागत नाही. आणि आपण घडवलेलं पात्र बहुतेक वेळा आपलीच थोडी उंच, थोडी शूर आवृत्ती असते. दुसऱ्यानं दिलेलं पात्र आपल्याला अशा कातडीत शिरायला लावतं जी आपण स्वतःहून कधी पांघरली नसती. भित्रा सावकार होऊन पाहिल्याशिवाय सावकाराची भीती कळत नाही.

बंदरावरचा परदेशी

या दोन टोकांच्या मधली एक वाट एका मुस्लिम प्राध्यापकानं काढली. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर. जन्म १९२९, अमेरिकेतल्या स्पोकेनमध्ये, जन्मनाव फिलिप. १९५१ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ते भारतात आले ते लमाणी भाषेचा अभ्यास करायला. आपल्या बंजारा तांड्यांवर बोलली जाते तीच. या मुक्कामात त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढं क्लॅमथ या अमेरिकी आदिवासी भाषेचं व्याकरण आणि कोश केला, कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या इस्लामी अध्ययन संस्थेत शिकवलं, उर्दू शिकवणारं मोठं पाठ्यपुस्तक सहकाऱ्यांबरोबर तयार केलं. १९७२ पासून ते मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचे अभ्यासक म्हणून होते.

लहानपणापासून त्यांच्या डोक्यात टेकुमेल नावाचं एक जग होतं. त्याला भाषा होती, लिपी होती, व्याकरण होतं, कुळं आणि देवळं होती. युरोपी किल्ले आणि परी-बुटके यांच्याऐवजी त्यात भारत, मध्यपूर्व आणि प्राचीन मेक्सिकोचा वास होता. १९७५ साली हे जग 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या नावानं खेळ म्हणून छापलं गेलं. आर्नेसनही बार्कर यांच्या टेबलावर खेळायला बसत.

इतकं दाट जग असलं की अडचण येते. खेळणाऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. तयार पात्र द्यावं तर त्याच्या कुळाचे रिवाज पाठ करावे लागतील. स्वतःचं घडवू द्यावं तर त्या जगात न बसणारं काहीतरी निघेल. बार्कर यांचा तोडगा साधा होता. प्रत्येक पात्र परदेशी. छोट्या होडीतून ते जकाला नावाच्या बंदरावर उतरतं, परक्यांसाठी राखलेल्या वस्तीत राहतं. शहरात मनमानी फिरायची मुभा नाही, चूक केली तर शिक्षा कडक, नागरिकत्व मिळवावं लागतं. पात्राला जितकं अज्ञान तितकंच खेळणाऱ्याला. दोघं बरोबरच शिकतात. माणूस तुमचा आणि जग त्यांचं, असा सौदा.

परक्या वस्तीत उतरणं, तिथली बोली शिकणं, पायरी सांभाळून चालणं, हे स्थलांतर केलेल्या कुठल्याही माणसाला ओळखीचं वाटेल. इथपर्यंत वाचून आपल्यातल्या अनेकांना बार्कर आवडू लागले असतील. नव-मुस्लिम, उर्दूचे विद्वान, कल्पक. 'जगातले नामवंत मुस्लिम' या यादीत लगेच बसतील असे.

पण कहाणी इथं संपत नाही. बार्कर २०१२ साली वारले. २०२२ साली त्यांचा साहित्यिक वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननं जाहीरपणे मान्य केलं, की १९९१ मध्ये टोपणनावानं छापलेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझीवादी कादंबरी बार्कर यांचीच होती. ती छापणारी संस्थाही गोऱ्या वंशवर्चस्ववाद्यांची. शिवाय ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असा अपप्रचार करणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर ते अनेक वर्षं होते.

यावर आपण काय म्हणायचं? मला यात आडपडदा नको वाटतो. लाखो निरपराधांच्या कत्तलीला खोटं ठरवणं हा जुल्म आहे. इस्रायलच्या राजकारणावर आपला कितीही राग असो, त्या रागाच्या आडोशाला हा खोटेपणा लपवता येत नाही. आपल्या माणसाविरुद्ध जाणारी साक्षही खरी द्यावी, हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं. ती द्यायची वेळ अशाच ठिकाणी येते. ज्या माणसानं परक्याला बंदरावर उतरवून गोष्ट सुरू केली, त्यानंच एका अख्ख्या समाजाला मिटवू पाहणाऱ्या विचाराची कादंबरी लिहिली. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं गाळलं तर आपण माणूस सांगत नाही, एक तयार पात्र विकतो.

आपल्या वाट्याचं सोंग

आणि तयार पात्रांचा त्रास आपल्याइतका कुणाला माहीत आहे? मराठी नाटक-सिनेमात मुसलमान म्हटलं की सुरमा, मोडकी हिंदी, एकतर खाटकाचा सुरा नाहीतर दर्ग्यातला फकीर. फार झालं तर ऐतिहासिक नाटकातला निष्ठावान सरदार. तो चांगला असतो, पण त्याला निष्ठेशिवाय दुसरं कामच नसतं. माझं नाव ऐकून लोक 'तुमचं मराठी किती छान आहे' म्हणतात. हेतू कौतुकाचा असतो, पण त्यामागं एक कागद आधीच भरून ठेवलेला असतो आणि मी त्यातल्या रकान्यात बसलो नाही म्हणून ते चकित झालेले असतात. कोकणी, दखनी, वऱ्हाडी बोलत पिढ्या गेल्या, तरी आम्ही जकालाच्या बंदरावर कालच उतरल्यासारखे.

याला उत्तर म्हणून आपणही आपली तयार पात्रं काढतो : निष्कलंक सुलतान, निष्कलंक शास्त्रज्ञ, निष्कलंक नव-मुस्लिम. प्रेत सापडू द्यायचं नाही, म्हणजे नायक मरत नाही. हा ड्रॅगनलान्सचा नियम इतिहासाला लावला की इतिहासाची जाहिरात होते.

खेळापुरतं विचाराल तर माझं मत सरळ आहे. एका बैठकीचा डाव असेल तर तयार पात्र घ्या, परक्या कातडीत शिरून बघा. वर्षभर चालणारी गोष्ट असेल तर स्वतःचं घडवा, फाशांनी दिलेल्या ५ सकट. तयार पात्र मिळालंच तर आर्नेसन आठवा : हातात पत्रकं दिली म्हणून फक्त पत्रकंच वाटत बसायचं असं नसतं.

खेळाबाहेर मात्र निवड इतकी मोकळी नाही. भूमिका बरेचदा आपल्याला विचारून दिली जात नाही. हमजा आणि अमर अय्यार इतकी शतकं टिकले, कारण दर दास्तानगोनं त्यांना नव्यानं बोलू दिलं. तेवढी सवड आपण जिवंत माणसांना द्यायला हवी, आपल्यांना आणि इतरांनाही.