बुडालेल्या बँकेच्या वह्या



माझ्या माहेरच्या ट्रंकेत एक मोडीतला कागद आहे. खाली शाईचा अंगठा. तो आमच्या पणजीचा, असं आई सांगायची. पण पणजीचं नाव काय, ते आईलाही सांगता येत नव्हतं. घरात सगळे तिला ‘थोरली आव्वा’ म्हणायचे. पुरुषांची नावं सहा पिढ्यांपर्यंत लिहून ठेवलेली आहेत. बायकांची नाहीत.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझा नवा उद्योग. गेली दोन वर्षं दुपारी तासभर मी जुने हस्तलिखित कागद संगणकावर उतरवून काढते. तेही आपले नव्हेत, अमेरिकेतले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने जुन्या कागदांचे फोटो सगळ्यांसाठी खुले केले आहेत. घरबसल्या कुणीही ते वाचून टंकायचे, दुसऱ्याने तपासायचे. पैसे मिळत नाहीत. मिस्टर विचारतात, "त्या लोकांचं आणि आपलं काय नातं?" त्याचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

अमेरिकेतल्या गुलामांची नावं सरकार लिहीतच नव्हतं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत मालकाचं नाव लिहायचे आणि त्याखाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. आपण गोठ्यातली जनावरं मोजावीत तसं. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि १८७० च्या जनगणनेत हे सगळे लोक पहिल्यांदा नावानिशी आले. त्यामुळे आज कुणी कृष्णवर्णीय बाई आपल्या पूर्वजांचा शोध घेऊ लागली, की १८७० पाशी येऊन अडते. त्यामागे भिंतच.

त्या भिंतीला जी थोडी दारं आहेत, त्यातलं एक म्हणजे बँकेच्या वह्या. मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे फारच भावलं.

३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दोन कायद्यांवर सही केली. एकाने मुक्त झालेल्यांना अन्न, औषध, शाळा आणि मजुरीचे करार यासाठी मदत करणारं सरकारी खातं, म्हणजे फ्रीडमेन्स ब्युरो, निघालं. दुसऱ्याने त्यांच्या बचतीसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. बहुतेक ठेवीदारांना लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली. मग उद्या पैसे काढायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचं कसं? म्हणून खातं उघडताना विचारून घ्यायचे: जन्म कुठला, काम काय, नवरा किंवा बायको कोण, मुलं किती, आईवडील, भावंडं कोण. आजचं केवायसीच म्हणा! कारकुनाने सोयीसाठी लिहिलेली ही माहिती पुढे हजारो घरांची वंशावळ ठरली.

बँक मात्र टिकली नाही. १८७० मध्ये नियम सैल करून जमिनी-इमारतींवर कर्जं द्यायची मुभा घेतली, भलत्यांना कर्जं दिली, त्यात १८७३ ची मंदी आली. शेवटी शेवटी फ्रेडरिक डग्लस या थोर पुढाऱ्याला अध्यक्ष केलं. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलरही त्यात घातले. पण जून १८७४ मध्ये कुलूप लागलं. ६१ हजारांवर ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. काहींना वर्षांनी थोडा भाग मिळाला, अनेकांना काहीच नाही. पै-पै साठवणाऱ्या मोलकरणी आणि मजूर होते हो ते. पैसा गेला, वह्या राहिल्या.

त्या वह्यांतली नावं पुढे कुणी उतरवून काढली, माहीत आहे? यूटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी! मॉर्मन चर्चच्या वंशावळ विभागासाठी पाचशेहून अधिक कैदी स्वखुशीने अकरा वर्षं हे काम करत होते. २००१ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार नावांची सूची बाहेर आली. स्वतः कोठडीत असलेल्यांनी दुसऱ्यांच्या पूर्वजांना वाट करून दिली.

मी ब्युरोचे कागद उतरवते. मजुरीचे करार, शिध्याच्या याद्या. पहिल्याच महिन्यात चूक केली. एका बाईचं नाव कारकुनाने चुकीचं लिहिलंय असं वाटलं, म्हणून मी ‘सुधारून’ टाकलं. तपासणाऱ्याने ते परत जसंच्या तसं केलं. वाईट वाटलं, पण बरोबर तोच होता. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं असेल. शोधणारी नात कदाचित तेच रूप शोधत येईल. कागदात आहे तेच लिहायचं. वाचता आलं नाही तर चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवायचं, अंदाजाने भरायचं नाही. हिशेबातही हाच नियम, नाही का?

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगितली आहेत. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्र प्रती लिहवून वाटल्या, हे आपण स्वाध्यायात ऐकतो. माझं काम शास्त्रदान नव्हे, तेवढी माझी योग्यता नाही. पण उतरवून घेतलं तर टिकतं, हे तत्त्व तेच.

आणि आव्वाचा कागद? गेल्या महिन्यात एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांनी ‘कोम’ हा शब्द वाचला, म्हणजे अमक्याची बायको. पणजोबांचं नाव स्पष्ट आहे. तिचं नाव नेमकं घडीवर आलंय आणि तिथे कागद झिजलाय. पहिलं अक्षर बहुधा ‘प’, तेही नक्की नाही.

आमच्या घरच्या वहीत पणजोबांच्या शेजारी मी चौकटी कंस काढून आत प्रश्नचिन्ह लिहिलं आहे. तुमच्या घरात सासूबाई, आजेसासूबाई असतील तर आजच त्यांना त्यांच्या आईचं आणि आजीचं नाव विचारा, माहेरच्या नावासकट. आणि लिहून ठेवा.