क्लिनिकल लॅबोरेटरी सायन्स पदवी : कम्युनिटी कॉलेजातील पूर्वतयारी (कॅलिफोर्निया)

रक्त, लघवी, थुंकी, मेंदू-मज्जाद्रव इत्यादी नमुने तपासून निदानाला आणि उपचाराला आधार देणाऱ्या शास्त्राची ही चार वर्षांची पदवी आहे. अमेरिकेत तिची पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात पुरी करता येतात. त्यासाठी विषयांची निवड कशी करावी लागते, याचा विचार या नोंदीत मुख्यतः कॅलिफोर्निया राज्यापुरता केला आहे. तेथे या व्यवसायाला राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो व त्याच्या विषयवार अटी ठरलेल्या आहेत. पदवी मिळाली तरी परवान्याच्या अटी पुऱ्या झालेल्या असतीलच असे नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरचे विषय घेतानाच परवान्याची यादी समोर ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी (एएससीपी) ही संस्था १९२२ मध्ये स्थापन झाली. तिच्या नोंदणी मंडळाने १९२८ पासून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना प्रमाणित करण्यास सुरुवात केली. अभ्यासक्रमांना मान्यता देणारी एनएएसीएलएस ही संस्था १९७३ मधील. २००९ मध्ये दोन प्रमाणन संस्थांचे एकत्रीकरण झाल्यावर देशभर ‘मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट’ हे पदनाम रूढ झाले. कॅलिफोर्नियाच्या परवान्यावर मात्र ‘क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट’ (सीएलएस) हेच नाव आहे. १९८८ च्या क्लिया या संघराज्य कायद्याने चाचण्यांची गुंतागुंतीनुसार वर्गवारी केली आणि कर्मचाऱ्यांसाठी किमान पात्रता ठरवली. कॅलिफोर्नियाच्या अटी या किमान पात्रतेहून कडक आहेत.

अमेरिकेतील पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचे जुने नाव) इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले. कॅलिफोर्नियातील पहिले १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे. १९६० च्या राज्य उच्चशिक्षण आराखड्याने युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, स्टेट युनिव्हर्सिटी आणि दोन वर्षांची कॉलेजे अशी त्रिस्तरीय रचना पक्की केली. तिसऱ्या स्तराचे दार सर्वांना खुले राहिले. नोकरी करणारे, उशिरा शिक्षणाकडे वळलेले आणि देशांतर करून आलेले अनेक जण या व्यवसायात शिरतात ते याच दारातून.

परवान्याच्या अटी : राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील लॅबोरेटरी फील्ड सर्व्हिसेस हा विभाग परवाना देतो. सर्वसाधारण सीएलएस परवान्यासाठी पदवी आणि पुढील युनिटे (श्रेयांक) लागतात : (१) रसायनशास्त्राची १६ सेमिस्टर युनिटे, त्यांत क्लिनिकल रसायनशास्त्र, किंवा वैश्लेषिक रसायनशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे दोन्ही. (२) जीवशास्त्राची १८ सेमिस्टर युनिटे. त्यांत रक्तशास्त्र, प्रतिरक्षाशास्त्र व वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र. (३) भौतिकशास्त्राची ३ सेमिस्टर युनिटे. त्यांत प्रकाश व विद्युत यांची तत्त्वे.

एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. त्यामुळे १६ ची २४ आणि १८ ची २७ होतात. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात पाच-पाच युनिटांचे जनरल केमिस्ट्रीचे तीन भाग पुरे केले, की १५ क्वार्टर युनिटे, म्हणजेच १० सेमिस्टर युनिटे पदरात पडतात. सेमिस्टर पद्धतीत पाच युनिटांच्या दोन भागांतही तेवढीच मिळतात. उरलेली ६ पुढील विषयांतून भरून काढायची असतात.

विषयांची आखणी : कम्युनिटी कॉलेजात घ्यायचे विषय असे : विज्ञान-पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे जनरल केमिस्ट्री व जीवशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र आणि सामान्य शिक्षणाचे विषय. रक्तशास्त्र, प्रतिरक्षाशास्त्र, क्लिनिकल रसायनशास्त्र व वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र हे सहसा वरच्या दोन वर्षांत, विद्यापीठात होतात. कम्युनिटी कॉलेजातील प्राथमिक सूक्ष्मजीवशास्त्र युनिटांच्या बेरजेत धरले गेले, तरी तेवढ्यावर वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राची अट पुरी होईल असे गृहीत धरू नये.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एकाच विषयाच्या दोन मालिकांमुळे. अनेक कॉलेजांत केमिस्ट्री १ए ही विज्ञान-पदवीसाठीची मालिका असते, तर ३०ए ही परिचर्या व तत्सम अभ्यासक्रमांसाठीची. दुसरी सोपी असते आणि वेळापत्रकातही सहज बसते. पण पुढे सेंद्रिय रसायनशास्त्राला प्रवेश घेताना बहुधा पहिलीच मागितली जाते आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते.

भौतिकशास्त्राची अट तीन युनिटांची असली, तरी ती पुरी करताना आशयाकडे पाहावे लागते. पहिल्या भागात प्रायः यामिकी असते. विद्युत व प्रकाश पुढच्या भागात येतात. क्वार्टर पद्धतीत प्रकाश तिसऱ्या भागापर्यंत लांबू शकतो. केवळ पहिला भाग घेतला तर युनिटे भरतात, अट मात्र पुरी होत नाही. ही अट अनाठायी नाही. द्रावणाने किती प्रकाश शोषला यावरून प्रकाशमापक रक्तातील घटकाचे प्रमाण काढतो. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तिच्यात सूक्ष्म छिद्रातून जाणारी प्रत्येक पेशी विद्युतप्रवाहाला क्षणभर अडथळा करते व त्यावरून पेशी मोजल्या जातात. यंत्राने चुकीचा आकडा दिला तर तो ओळखण्यासाठी तंत्रज्ञाला हे मूळ तत्त्व माहीत असावे लागते.

प्रात्यक्षिकांचे मोलही इथेच कळते. ग्रॅम रंजन विद्यार्थी प्रथम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राथमिक वर्गात करतो : आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, नंतर अल्कोहोल व शेवटी सॅफ्रानिन. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले, की ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूही जांभळा रंग सोडतात आणि गुलाबी दिसू लागतात. रुग्णालयात अशा एका स्लाइडवरून प्रतिजैविकाची निवड चुकू शकते. म्हणून प्रयोगशाळेचे तास केवळ युनिटांसाठी उरकणे या व्यवसायाला परवडणारे नाही.

बदली व श्रेयांक : राज्यातील सार्वजनिक संस्थांमध्ये कोणता विषय कोणत्या विषयाशी समकक्ष धरला जातो, हे ‘असिस्ट’ या अधिकृत व्यवस्थेत पाहता येते. ती समकक्षता पदवीपुरती असते. परवाना विभागाच्या अटींचा निवाडा तेथे होत नाही. कम्युनिटी कॉलेजातील जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिटे पदवीत धरली जातात. २०१० च्या कायद्याने बदलीसाठीची असोसिएट पदवी सुरू झाली. सामान्य शिक्षणासाठी २०२५ च्या शरद सत्रापासून कॅल-गेटसी ही ३४ युनिटांची एकच रचना लागू आहे. काही प्रशिक्षण केंद्रे जुने विज्ञान-विषय ठरावीक वर्षांनंतर ग्राह्य धरत नाहीत. नोकरी सांभाळून एकेक विषय घेणाऱ्यांनी याची चौकशी आधीच करावी.

तंत्रज्ञ मार्ग : काही कम्युनिटी कॉलेजांत, उदा. सॅन डिएगो मिरामार येथे, मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचा (एमएलटी) अभ्यासक्रम आहे. त्यानंतर नोकरी करत पदवी पुरी करता येते. कॅलिफोर्नियात एमएलटीचे कार्यक्षेत्र सीएलएसपेक्षा मर्यादित आहे. हा मार्ग एकूण लवकर संपतो की लांबतो, याविषयी मतभेद आहेत. मात्र मिळकत लवकर सुरू होते, हे निश्चित.

प्रशिक्षण वर्ष : कॅलिफोर्नियात पदवीनंतर प्रशिक्षणार्थी परवाना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत साधारण ५२ आठवडे काम करावे लागते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट व सॅन होजे स्टेट या विद्यापीठांचे असे कार्यक्रम आहेत. त्यानंतर मान्य प्रमाणन परीक्षा व राज्याच्या प्रयोगशाळा-कायद्यावरील चाचणी द्यावी लागते. प्रशिक्षणाच्या जागा थोड्या असल्याने विज्ञान-विषयांतील गुणांना मोठे महत्त्व येते.

खर्च : राज्यातील रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेजचे शुल्क २०१२ पासून सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. पाच सेमिस्टर युनिटांच्या जनरल केमिस्ट्रीचे शुल्क २३० डॉलर होते, पुस्तके वेगळी.

भारतीय पदवीधर : सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी. करून गेलेल्यांना, त्यांत महाराष्ट्रातील पदवीधरही आले, आपल्या गुणपत्रिकांचे मान्य संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकी पदवीशी समकक्ष धरायची की नाही, याबाबत मूल्यमापन संस्थांचे निर्णय सारखे नसतात. डीएमएलटी ही पदविका एकटी पुरेशी ठरत नाही. गुणपत्रिकेवर नुसते ‘रसायनशास्त्र, पेपर २’ एवढेच छापलेले असेल, तर त्यात वैश्लेषिक रसायनशास्त्र होते की नाही, हे परदेशी तपासनिसाला कळत नाही; त्यासाठी त्या-त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह मिळवून ठेवणे हिताचे. मूल्यमापन हाती आल्यावर जे विषय कमी पडतील, त्यांतील प्राथमिक विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात आणि उरलेले विद्यापीठाच्या विस्तार-विभागात घेता येतात. सगळी पदवी पहिल्यापासून करण्याची गरज प्रत्येकाला पडत नाही.

इतर राज्ये : न्यूयॉर्क, फ्लोरिडा, टेनेसी, लुइझियाना, नेवाडा इत्यादी राज्यांत परवाना लागतो, बहुतेक अन्य राज्यांत राष्ट्रीय प्रमाणनावर काम मिळते.